टोरीचं तेल आणि डावा फ्लिपर

पिनबॉलच्या मशीनमधल्या डाव्या फ्लिपरच्या दांड्याला मी टोरीचं तेल घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. अक्कल माझी, हात माझा, बाटली तेवढी बायकोची. माजरीकडच्या कोळसा खाणीत उभी हयात इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेल्या माणसानं हे केलं, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढं कुणी मला अडाणी समजून सूट देणार नाही.

आज सकाळी ते सगळं पुन्हा आठवलं. निर्मलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, या थंडीत पहिल्यांदा ती तेलाची बाटली अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवली. ठेवताना माझ्याकडे एकदा पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की बाटली ठेवण्याच्या आवाजावरून मला टोमणा ओळखता येतो.

आमच्या मूल गावात धानाचे हे दिवस आले, असं कुणाला सांगावं लागत नाही. धानानं भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे राहतात, राइस मिला पहाटेपासून धडधडतात, आणि कोंड्याची पिवळी पूड दोरीवरच्या कपड्यांवर, सायकलच्या सीटवर, चहाच्या सायीवर येऊन बसते. नव्या धानाला वास सुटतो म्हणतात. म्हणतात असंच लिहितो, कारण कोळशाच्या धुळीनं माझं नाक नोकरीतच निकालात काढलं. निर्मला दारात उभी राहून लांब श्वास घेते, "आला बाई वास," म्हणते, आणि मी शेजारी उभा राहून जाणकारासारखी मान हलवतो. माझ्यापर्यंत हंगाम येतो तो कानांतून. मिलची धडधड, बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या वाफ्यांकडे, जाणाऱ्या बायांचं पहाटेचं बोलणं, आणि त्या वर्षापासून आमच्या पडवीतला एक आवाज. टण्.

निवृत्त होताना लोक शाल घेऊन घरी येतात. मी शालीबरोबर एक मशीन आणलं. खाणीच्या कॉलनीतल्या क्लबाच्या मागच्या खोलीत ते फुटक्या कॅरम बोर्डांखाली पडलं होतं. कधीकाळी कुण्या साहेबानं हौसेनं आणवलेलं, मग बंद पडलेलं, मग विसरलेलं. खोली रिकामी करताना, "भंगारात जाणार आहे, पाहिजे तर न्या," म्हणाले. माझ्यासारख्याला 'बंद' आणि 'पाहिजे तर' हे दोन शब्द एकत्र ऐकवू नयेत. टेम्पोत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलं आणि बाळंतिणीला आणावं तसं हळूहळू, खड्डे चुकवत मूलला आणलं. निर्मला दारात पदर खोचून उभी.

"अवो, लोकाचे नवरे रिटायर होऊन खाटेवर बसते," ती म्हणाली. "तुमी खाटेवर काच बसवून आणली."

तिचं चुकलं नव्हतं. पिनबॉल म्हणजे काच लावलेली, जराशी उतरती खाटच. तिच्यावरून स्टीलची गोळी खाली घरंगळत येते. वाटेत रबराचे खुंट, दिवे, घंट्या. अगदी तळाशी बोटभर लांबीचे दोन हात असतात, ते फ्लिपर. मशीनच्या बगलेतलं बटण दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, ती लोखंडी दांडा आत ओढते, आणि फ्लिपर फटकन उडून गोळीला परत वर धाडतो. डाव्या बटणाला डावा, उजव्याला उजवा. गोळी दोघांच्या मधून निसटली की डाव संपला. मी दोन महिने त्यात डोकं घालून ते चालू केलं. सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात एक घंटी होती. तिच्यावर गोळी आदळली की 'टण्' असा स्वच्छ आवाज यायचा. माझ्यासाठी तेवढा मोबदला पुष्कळ होता. घरात दुसऱ्या कुणी त्याला हातही लावला नाही.

मग त्या उन्हाळ्यात बाई आमच्याकडे आली.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. मूलपासून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर तिचं गाव, गावाला लागून दोन एकर धानाचं शेत. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच शेत करते, आणि एकटी करते याचा तिला काय तो गर्व. त्या उन्हाळ्यात तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला, तोंडाला तर काही झालंच नव्हतं हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं, पण डावा हात मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी राहायचा. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला. दिवसातून इतक्या वेळा दाबा म्हणाले. बाईनं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी अंगणात भिरकावला. उजव्या हातानं, नेम धरून.

"हा चेंडू दाबून का दूध निघते?" ती म्हणाली. "काई होतच नाई तं दाबू कायले?"

निर्मला रोज सकाळी तिच्या हाताला टोरीच्या तेलानं मालिश करायची. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं घाण्याचं तेल आमच्या भागात घरोघर असतं. दुखऱ्या सांध्यांना, भेगाळलेल्या टाचांना. त्याला म्हणे उग्र वास असतो. बाईच्या हाताला, उशीला, पदराला तो कायमचा चिकटला होता, असं निर्मला सांगायची. मी मान हलवायचो.

एका सकाळी मालिश झाल्यावर पडवीतून आवाज आला. मी जाऊन पाहतो तर बाई मशीनपाशी उभी. उजव्या हातानं डावा हात उचलून तिनं तो बगलेतल्या बटणावर नेऊन ठेवला होता, एखादं झोपलेलं पोर खाटेवर ठेवावं तसा. गोळी घरंगळत आली, तिच्यादेखत मधून पडून गेली. बाईनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"दुसरी गोटी सोड," म्हणाली.

त्या दिवसापासून ते मशीन माझं राहिलं नाही. रोज मालिश झाली की ती पडवीत. पहिले दोन आठवडे बटण हललंच नाही. मग कधीतरी फ्लिपर जरासा फडफडला, आणि बाईनं निर्मलाला चुलीवरून हाक मारून तो दाखवला. दाबलं की समोर काहीतरी उडतं, काहीतरी वाजतं. तिला दूध निघाल्यासारखं झालं. आणि एका दुपारी जेवताना तिनं आपली अट सांगून टाकली.

"ज्या दिवशी या डाव्या हातानं गोटी त्या कोपऱ्यातल्या घंटीवर मारीन, त्या दिवशी मी माह्या घरी. अन् धानाची पयली मूठ मीच कापीन."

धान कापताना विळा उजव्या हातात असतो, पण खरं काम डाव्याचं. झुडूप मुठीत आवळून धरावं लागतं; मूठ ढिली पडली की विळा चालतो आणि धान चिखलात सांडतं. तिच्या शेतात दरवर्षी पहिली मूठ तीच कापायची, मग मजूर उतरायचे. हात आला नाही तर शेत गेलं, आणि शेत गेलं तर बाई आमच्या घरात राहणार. मायेनं ठेवलेली, दोन वेळा विचारून वाढलेली, आणि तिच्या स्वतःच्या मते संपलेली. हे तिनं बोलून दाखवलं नाही. घंटीचं तेवढं सांगितलं.

दसऱ्यापर्यंत गोळी अर्ध्या उंचीवर जायला लागली. आणि तेव्हाच डावा फ्लिपर कुईं कुईं करायला लागला. मला ते सहन होईना. बाईचा हात एवढी मेहनत करतो आणि मशीननं कुरकुर करावी? फळीवर टोरीची बाटली होती. मी मशीन उघडलं, दांड्याला तेलाची धार सोडली, चार वेळा खालीवर केलं. आवाज गेला. फ्लिपर लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरू लागला. त्या दिवशी बाईची गोळी घंटीच्या वीतभर खाली जाऊन आली. हे माझ्यामुळे झालं, असं मी तीन जणांना सांगितलं. त्यातले दोघे अनोळखी होते.

तो दांडा कॉइलच्या नळीत कोरडाच चालवायचा असतो. त्याला कुठलंच तेल लावायचं नसतं. हे मला आता माहीत आहे.

दिवाळी झाली आणि थंडी पडली. आमच्याकडे थंडी येते ती पाहुण्यासारखी नाही, जप्तीवाल्यासारखी येते. एका रात्रीत सगळं ताब्यात. सकाळी तलावावरून धुकं उठायचं आणि पडवीच्या छपराचे कवेलू दहा वाजेपर्यंत ओले असायचे. हंगामात एका मिलच्या मोटारी बघायला मी सकाळी जात असे, तो दुपारी जेवायला घरी. त्यामुळे बाई सकाळी खेळायची तेव्हा मी नसायचो. एका दुपारी आलो तर ती भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"काय झालं?"

"काई नाई. आज उडला नाई."

मी जेवून पडवीत गेलो. पडवी पश्चिमेकडे उघडी. दुपारचं ऊन थेट मशीनवर पडलेलं. डावं बटण दाबलं. फटाक! गोळी वर जाऊन घंटीवर आदळली.

"मशीन ठीक आहे, बाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी तिला उडायचा नाही, दुपारी मला उडायचा. आणि मी रोज हात पुसत येऊन सांगायचो, मशीन ठीक आहे. त्या वाक्याचा उरलेला भाग मी कधी बोललो नाही. पण तो ऐकू जात होता.

मी हातावर हात ठेवून बसलो होतो असं मात्र नाही. बिघाड शोधण्यात मी कसूर ठेवली नाही, फक्त जिथं होता तिथं शोधला नाही. बटणामागच्या पट्ट्या घासल्या, इतक्या की एक पत्रा कागद झाला. फ्यूज बदलला. फ्लिपर पूर्ण वर गेल्यावर कॉइलचा जोर कमी करणारा एक छोटा स्विच असतो, त्याची फट कमी केली, मग वाढवली, मग पुन्हा होती तशी केली. डावी कॉइल उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावून पाहिली. दुपारच्या उन्हात दोन्ही सारख्याच फटाफट चालल्या. शेवटी राजन्नाला फोन केला. राजन्ना माझा खाणीतला जोडीदार, सिरोंच्याकडचा, आता जळलेल्या मोटारींची वाइंडिंग भरायचं दुकान चालवतो.

"रमेशभाऊ, आधी वास घेतला का?" तो म्हणाला. "कॉइल जळली तं पयले वास येते. बाकी सब नंतर."

मी मशीनवर वाकलो, डोळे मिटले आणि गंभीरपणे दोनदा नाक ओढलं. "काहीच वास नाही," मी कळवलं. ते अगदी खरं होतं. मला अंगणात वणवा लागला असता तरी काहीच वास आला नसता.

त्यानंतर बाईनं खेळणं सोडलं. पडवीतून आवाज येईना. ती डावा हात पदराखाली ठेवायला लागली, जेवतानासुद्धा. निर्मला तेलाची वाटी घेऊन गेली की म्हणायची, "ऱ्हाऊ दे, वाया जाते." आणि एका संध्याकाळी, जणू मीठ संपल्याचं सांगावं तशी, मला म्हणाली, "वासुदेवले निरोप दे. शेत कायमचं ठेक्यानं मागून राह्यला होता ना? म्हणावं, ये. दिऊन टाकते."

वासुदेव तिच्या शेताचा शेजारी, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागलेला. सरळ माणूस. तो रविवारी सकाळी येणार असं ठरलं. मी निरोप दिला. नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. मशीन ठीक होतं ना.

त्या रविवारी हंगामात पहिल्यांदाच मिल बंद होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी सकाळी घरी होतो. वासुदेव यायचा होता, बाई धुतलेलं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती, आणि घरात ती शांतता होती जिच्यात घड्याळसुद्धा चोरासारखं चालतं. मला काही सुचेना म्हणून मी पडवीत गेलो. थंडीनं काच धुरकटलेली. मशीन चालू केलं, गोळी सोडली, आणि सवयीनं डावं बटण दाबलं.

फ्लिपर उठला तो थंडीत पांघरूण ओढणाऱ्या माणसासारखा. अर्ध्यावर गेला, विचारात पडला आणि हळूच खाली आला. गोळी त्याच्यावरून चालत गेली.

मी पुन्हा दाबलं. अंगठ्यानं, मग अख्ख्या तळव्यानं, मग दोन्ही हातांनी. तेच!

"बाई!" मी एवढ्यानं ओरडलो की निर्मला अंगणातून धावत आली असावी. "मशीन बिघडलं आहे! बाई, मशीन बिघडलं आहे!" कुठल्याही इलेक्ट्रिशियनला एवढा आनंद होऊ नये.

बाई उठून आली. मी काच काढली, खालची फळी उचलून टेकवली आणि आत डोकं घातलं. "जरा बॅटरी धर," म्हणालो. तिनं उजव्या हातानं बॅटरी धरली आणि माझ्या खांद्यावरून वाकली. एकदा नाक ओढलं. पुन्हा ओढलं.

"रमेश," ती म्हणाली, "या मशीनले माह्या हाताचा वास काऊन येऊन राह्यला?"

तेवढ्यात मागून निर्मलाचा आवाज आला. "बाई, जरा थांबा, आजबी तेल गोठलं. उन्हात ठेवते, मंग लावून देते." मी डोकं बाहेर काढलं. ती दारात बाटली उलटी धरून उभी होती आणि बाटलीतून थेंबभरही पडत नव्हतं. आत पांढरट, घट्ट, तुपासारखी ढेप. टोरीचं तेल थंडीत गोठतं, हे आमच्या भागात शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मी पाहिलं बाटलीकडे. बाईनं पाहिलं मशीनकडे. निर्मलानं पाहिलं माझ्याकडे.

"दसऱ्याले बाटली अर्धी झाली होती," निर्मला सावकाश म्हणाली. "मी म्हणलं उंदीर पेते का काय."

मला वाटलं बाई आता हसेल, नाही तर बॅटरी फेकून मारेल. तिनं दोन्ही केलं नाही. पदराखालून डावा हात काढला, समोर धरला आणि बोटं एकदा मिटली, एकदा उघडली. बराच वेळ तेच करत राहिली.

"पंधरा दिवस," ती म्हणाली, "पंधरा दिवस मी याले शिव्या देल्या."

खाणीत मोटार बंद पडली की मी कधी माणसावर संशय घेतला नाही. आधी मोटार, मग तार, मग स्विच, माणूस शेवटी. ही शिस्त मी नव्या पोरांना ओरडून शिकवली. आणि घरात, सख्ख्या बहिणीच्या बाबतीत, दुपारच्या उन्हात एक बटण दाबून मी निकाल देऊन मोकळा झालो. रोज, पंधरा दिवस, जेवण झाल्यावर.

दांडा बाहेर काढला. त्याच्यावर आणि नळीत पांढऱ्या चरबीचा थर. निर्मलाच्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांनी पुसपुसून तो खडखडीत कोरडा केला. तोवर वासुदेव येऊन पडवीत बसला होता, हातात चहा, समोर उघडलेलं मशीन, आणि कुणी त्याला काय चाललंय ते सांगेना. फळी खाली केली, काच लावली. बाई उभी राहिली. डावा हात तिनं स्वतःच उचलून बटणावर ठेवला. उजवा मागं कमरेवर.

पहिली गोळी मधून गेली. दुसरी अर्ध्यावरून परतली. तिसऱ्या गोळीला फ्लिपर कुईं करून उडाला, कुरकुर परत आली होती, आणि गोळी वर, आणखी वर, कोपऱ्यात.

टण्.

निर्मलानं तोंडाला पदर लावला. वासुदेवनं चहाचा कप खाली ठेवला. "बाई," तो दबकत म्हणाला, "मंग शेताचं?"

"शेताचं का?" बाई वळली. "बुधवारी कापणी हाय. विळा घेऊन ये."

बुधवारी सकाळी मी धुऱ्यावर उभा होतो. दव एवढं की चपला पायांतून निसटत होत्या. बाई बांधीत उतरली, वाकली, डाव्या हातानं एक झुडूप धरलं. विळा फिरला आणि अर्धं धान मुठीतून सांडलं. मजूर बाया इकडंतिकडं पाहायला लागल्या. तिनं सांडलेलं तसंच राहू दिलं, पुढचं झुडूप धरलं, यावेळी कमी काड्यांचं. विळा फिरला. मूठ भरलेलीच वर आली. तिनं ती कडेला ठेवली, कंबर सरळ केली आणि हात झटकून बायांना म्हणाली, "पाहून का राह्यल्या? उतरा."

त्या बुधवारी शेतात नव्या धानाचा वास होता, असं निर्मला सांगते. माझ्या हाताला अजून टोरीचा होता, असंही सांगते.

त्याला आता चार हंगाम झाले. बाई तिच्या घरी आहे. हात शंभर टक्के आला नाही. थंडीत कुरकुरतो, पण उडतो. कापणी आटोपली की ती नव्या तांदळाचं पोतं घेऊन एसटीनं येते, पोतं दारात टाकते आणि पाणीसुद्धा न पिता पडवीत जाते. तिथं आधी मशीनवर वाकून वास घेते. पुरता, दोन्ही बाजूंनी. समाधान झालं की मग गोळी सोडते.

आज दुपारीही तशीच आली. वास घेतला, तीन डाव खेळली, घंटी दोनदा वाजवली. मी मागं उभा होतो. उजवा फ्लिपर मला जरा जड वाटला. उठतो, पण पूर्वीसारखी झेप नाही. हात शिवशिवले.

"बाई, उजव्याची कॉइल जरा सैल झाली असेल," मी म्हणालो. "पाच मिनिटांचं काम आहे. उघडून पाहू का?"

तिनं गोळीवरची नजर हलवली नाही.

"हात नको लावू. तुह्या दुरुस्तीपरीस बिघाड बरा."